गप्प बसलेली दोन अक्षरं

इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यात लफ्बरा नावाचं एक गाव आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधली ‘ग्रेट पॉल’ ही सोळा टनांहून जड घंटा १८८१ साली याच गावात ओतली गेली. पण माझं या गावावर प्रेम जडलं ते घंटेमुळे नाही, त्याच्या नावाच्या पाटीमुळे. ऐकायला नुसतं लफ्बरा, आणि लिहायला एल-ओ-यू-जी-एच-बी-ओ-आर-ओ-यू-जी-एच. बारा अक्षरं! त्यात ओ-यू-जी-एच ही चौकडी दोनदा येते. पहिल्यांदा तिचा उच्चार ‘अफ’, आणि शेवटी आली की जेमतेम एक पुसट ‘अ’. एकाच नावात, एकाच पाटीवर, तीच चार अक्षरं दोन वेगळ्या तोंडांनी बोलतात.

ही चौकडी इंग्रजीत जिथे जिथे जाते तिथे असंच करते. ‘थ्रू’ घ्या, म्हणजे आरपार. त्यातला ‘आर’ काढून टाका, ‘दो’ होतो, म्हणजे जरी. शेवटी एक ‘टी’ जोडा, ‘थॉट’ झाला, विचार. पुन्हा ‘दो’कडे या आणि त्यातला पहिला ‘एच’ काढा, आता तो ‘टफ’. ‘टी’च्या जागी ‘सी’ ठेवा: ‘कॉफ’, खोकला. ‘सी’च्या जागी ‘बी’: ‘बाउ’, झाडाची मोठी फांदी. ‘बी’च्या जागी ‘डी’: ‘डो’, मळलेली कणीक. ‘थ्रू’मध्ये एक जास्तीचा ‘ओ’ घुसवला तर ‘थरा’, म्हणजे कसून केलेलं. उचकीच्या ‘हिकप’चं एक स्पेलिंग याच चौकडीनं संपतं, आणि आयर्लंडमधल्या सरोवरांना म्हणतात ‘लॉख’, त्याचंही. ऊ, ओ, ऑ, अफ, ऑफ, आउ, अ, अप, ऑख. चार अक्षरांचे नऊ उच्चार मी मोजले. एका शब्दानं तर कमालच केली आहे. एस-एल-ओ-यू-जी-एच हे ‘स्लाउ’ म्हटलं की दलदल, ‘स्लफ’ म्हटलं की सापानं टाकलेली कात, आणि अमेरिकेत त्याच दलदलीला ‘स्लू’ही म्हणतात.

शाळेत आम्ही हे सगळं पाठ केलं. घोकायचं, पाटीवर लिहायचं, पुसायचं. ‘नाइट’मध्ये, ‘लाइट’मध्ये, ‘डॉटर’मध्ये हे ‘जी-एच’ बसवलेत कशाला, हा प्रश्न मनात यायचा आणि विरून जायचा. उत्तर खूप उशिरा, एका जुन्या इंग्रजीच्या पुस्तकात सापडलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा वेगळ्या डोळ्यांनी वाचत होते. ही दोन अक्षरं मुळात मुकी नव्हती. एके काळी ती बोलत होती, आणि चांगली खणखणीत बोलत होती.

त्यांचा आवाज कसा होता ते घरबसल्या काढून पाहता येतं. मराठीत तो नाही, पण उर्दू गझला ऐकणाऱ्यांना ‘ख़त’, ‘ख़ुशबू’मधला नुक्तेवाला ख़ ठाऊक असतो. जर्मन संगीतकार बाखच्या नावाच्या शेवटीही तोच आहे. आपला ‘ख’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो आणि मग सुटतो. तो टेकवायचा नाही, नुसता जवळ न्यायचा आणि फटीतून हवा घासत जाऊ द्यायची. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये हा घासता आवाज रोजच्या बोलण्यात होता. रात्र म्हणजे ‘निख़्त’. विचार म्हणजे ‘थोख़्त’. आणि घोड्यावरचा तो चिलखती ‘नाइट’ म्हणजे ‘क्निख़्त’. त्यातला ‘के’ ऐकू यायचा, ‘जी-एच’च्या जागचा आवाज ऐकू यायचा, एकही ध्वनी वाया जात नव्हता. तेव्हा त्या शब्दाचा अर्थही फक्त पोरगा, चाकर एवढाच होता.

जुन्या इंग्रजीचे लेखनिक हा आवाज साध्या ‘एच’नं लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि लेखणी फ्रेंच वळणाच्या हातांत गेली. काही काळ या आवाजासाठी ‘योख’ नावाचं एक अक्षरही वापरात होतं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चमकलेच, कारण ते आपल्या शेपटीवाल्या ३ सारखं दिसतं. हळूहळू त्याच्या जागी ‘जी’ आणि ‘एच’ ही जोडी स्थिरावली. पुढे छपाई आली तेव्हा छापखान्यांच्या खणांत योखचा खिळा नव्हता. स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी दिसायला जवळचा म्हणून ‘झेड’ लावला गेला. म्हणूनच मेन्झिस असं लिहिलेलं आडनाव तिथले जुने लोक अजून ‘मिंगिस’ असं उच्चारतात.

मग हा आवाज गेला कुठे? तो दोन वाटांनी गेला, आणि दुसरी वाट फार सुंदर आहे.

पहिली वाट साधी आहे. आवाज मऊ होत गेला, श्वासासारखा झाला आणि विरला. पण जाताना शेजारच्या स्वराला आपली जागा देऊन गेला. ‘निख़्त’मधला ख़ सरला तसा ऱ्हस्व इ ताणला गेला, ‘नीत’ झाला, आणि पुढे त्या दीर्घ ईचा ‘आइ’ झाला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण आपण हेच केलं आहे. सप्तचं प्राकृतात सत्त झालं आणि मराठीत सात. हस्तचं हत्थ, मग हात. एक व्यंजन गळालं आणि त्याची भरपाई म्हणून स्वर लांबला. टेम्सकाठच्या आणि गोदाकाठच्या माणसांनी, एकमेकांचं नावही माहीत नसताना, एकच युक्ती केली.

दुसऱ्या वाटेसाठी पुन्हा तोंड वापरावं लागेल. ‘ऊ’ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करा आणि तोच ख़ काढा. आता हवा घशाशी घासते तशी ओठांशीही घासते. दोन-चारदा केलं की समोरच्याला ‘फ’ ऐकू येऊ लागतो. इंग्लंडमध्ये नेमकं हेच घडलं. ‘रूख़’, ‘तोख़’ म्हणणाऱ्या मोठ्यांचे ओठ गोल होत होते. मुलांच्या कानांनी तो आवाज ओठांवरचाच मानला आणि ती ‘रफ’, ‘टफ’ म्हणू लागली. ‘लाफ’, ‘कॉफ’, ‘इनफ’ असेच घडले. बुटक्या माणसाच्या ‘ड्वॉर्फ’मध्येही शेवटी हाच घशातला आवाज होता. तिथे लिहिणाऱ्यांनी सरळ ‘एफ’ लिहून टाकला, म्हणून तो शब्द आज कुणाला छळत नाही. इंग्लंडच्या काही बोलींत मुलीला ‘डाफ्टर’ म्हणत, आणि कणकेच्या ‘डो’चं उत्तरेकडचं रूप ‘डफ’ अजून एका पुडिंगच्या नावात टिकून आहे. म्हणजे कोणता शब्द कोणत्या वाटेनं जाणार हे आधी ठरलेलं नव्हतं. ‘इनफ’च्या शेजारी कितीतरी काळ ‘इनाउ’ही नांदत होता. चहूकडच्या बोली बोलणारी माणसं लंडनमध्ये एकत्र आली. एका गावचा ‘टफ’ टिकला, दुसऱ्या गावचा ‘डो’ टिकला, आणि बोलींची ही सरमिसळच पुढे प्रमाण इंग्रजी ठरली. ‘लाफ्टर’ म्हणजे हसू. त्याच्याआधी एक ‘एस’ लावला की ‘स्लॉटर’ होतो, म्हणजे कत्तल. फक्त एका अक्षराचा फरक, पण एकीकडे फ ऐकू येतो आणि दुसरीकडे काहीच नाही.

या सगळ्या धांदलीत विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. तोवर लेखनिक आपापल्या कानाप्रमाणे लिहीत असत. छपाईनं स्पेलिंगला हळूहळू घट्टपणा आणला, आणि तोही अशा वेळी की उच्चार जोरात बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानं पुढे त्याला ‘महास्वरांतर’ अशा अर्थाचं नाव दिलं. ‘हूस’चा ‘हाउस’ झाला, ‘मूस’चा ‘माउस’. आपल्या मूषकातला ऊ मात्र जागचा हलला नाही. कागदावर शाई वाळत होती, आणि तोंडातली भाषा पुढे निघून गेली होती.

एकदा ‘जी-एच’ मुके झाले की ते कुठेही बसू शकत होते. आनंदासाठीचा ‘डिलाइट’ हा शब्द फ्रेंचमधून आलेला. त्यात घशातला आवाज कधीच नव्हता, स्पेलिंगही साधं होतं. पण सोळाव्या शतकात लोकांना वाटलं, ‘लाइट’मध्ये आहे तर ‘डिलाइट’मध्येही हवा. त्यांनी तो बसवला. न बोललेल्या आवाजाची ही खोटी समाधी आजही प्रत्येक शब्दकोशात आहे.

जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नावावर खपणारी एक कोटी मराठी शाळांमध्येही ऐकू येते. जी-एच-ओ-टी-आय हा शब्द ‘फिश’ असा वाचता येईल म्हणे. ‘टफ’मधला जी-एच, ‘विमेन’मधला ओ, ‘नेशन’मधला टी-आय. ती शॉच्या आधीची आहे. शॉचा जन्म १८५६चा, आणि १८५५ सालच्या एका पत्रात ती सापडते. पण मला ती मुळातच अन्यायाची वाटते. शब्दाच्या सुरुवातीला ‘जी-एच’चा उच्चार ‘फ’ कधीही होत नाही, तिथे तो ‘ग’च असतो. गोस्ट म्हणजे भूत, त्यात असतो. आणि आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या घी आणि घाट या शब्दांत असतो. ‘वेस्टर्न घाट्स’ लिहिताना त्या ‘एच’ला खरं काम आहे, तो आपल्या ‘घ’चा श्वास आहे. इंग्रज माणूस ‘गाट्स’ म्हणतो आणि तो श्वास तेवढा सांडतो. या अक्षरांचं वागणं लहरी वाटतं, पण त्यांची प्रत्येक लहर कुठल्या तरी गावच्या, कुठल्या तरी शतकाच्या तोंडातून आलेली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं मांडलं. गॉथिकसारख्या भाषांचाही त्यानं त्यात समावेश केला. १८२२ साली याकोब ग्रिमनं या भाषांमधली व्यंजनं ठरावीक नियमानं कशी बदलली ते दाखवून दिलं. तेव्हापासून इंग्रजी शब्दांतले हे मुके ‘जी-एच’ आणि संस्कृत शब्दांतली काही व्यंजनं समोरासमोर ठेवून पाहता येतात.

‘बाउ’ म्हणजे फांदी. जुन्या इंग्रजीत तो ‘बोग’ किंवा ‘बोख़’ असा होता, आणि त्याचा अर्थ खांदाही होता. त्याचा संस्कृत भाऊ आहे बाहु. झाडाचा हात! आपल्या सदऱ्याची बाही त्याच घरातली. बाहुमध्ये जिथे ‘ह’ आहे, नेमक्या त्याच जागी इंग्रजी फांदीत ‘जी-एच’ बसले आहेत.

‘डॉटर’ म्हणजे मुलगी. जर्मनमध्ये टोख़्टर, फारसीत दुख़्तर, संस्कृतात दुहितृ. पुन्हा त्याच जागी ‘ह’.

‘बरा’, म्हणजे लफ्बरामधलं ते शेपूट, जुन्या इंग्रजीतला ‘बुर्ख़’, तटबंदीचं ठिकाण. जर्मन ‘बुर्ग’ तोच. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ‘उंच’ या अर्थाच्या धातूशी जोडतात, आणि त्याच धातूचं संस्कृत रूप बृहत् असं आहे. न्यूयॉर्क शहराचे पाच भाग ‘बरो’ म्हणवतात आणि आपली महानगरपालिका बृहन्मुंबई. दोन्ही नावांत एकच जुना शब्द उभा आहे, आपल्याकडे त्याच्या ‘त्’चा पुढच्या ‘म’शी संधी होऊन ‘न्’ झाला एवढंच.

आणि ‘डो’. मळलेली कणीक. मूळ धातूचा अर्थ मळणे, लिंपणे, माती थापून आकार देणे. संस्कृतात तो दिह्, आणि त्यापासून बनलेला शब्द देह. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले होते. परातीतला कणकेचा गोळा आणि आपलं शरीर, दोघांचं नाव एका हाताच्या एका हालचालीवरून पडलेलं आहे. हाच धातू जुन्या इराणी भाषेत भिंत लिंपण्यासाठी वापरला गेला. चहूबाजूंनी भिंत घातलेली बाग म्हणजे ‘पैरिदएझ’, ग्रीकांकडून फिरत तो इंग्रजीत ‘पॅरडाइज’ झाला आणि अरबीत फिरदौस. इंग्रजीतली ‘लेडी’ही इथलीच. जुन्या इंग्रजीत तो लांबलचक शब्द होता, अर्थ ‘पाव मळणारी’. ‘लॉर्ड’ म्हणजे ‘पावाचा राखणदार’. लेडीनं मात्र आपला घशातला आवाज लिखाणातूनही पुसून टाकला. तिच्या नावात कणीक होती हे आता नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

असे आणखी कितीतरी. वजनाला हलकं या अर्थाचा ‘लाइट’ आणि आपला लघु. त्यातला ‘जी-एच’ तर रोमन लिपीत लिहिलेल्या ‘घ’सारखाच दिसतो! ‘नाइट’ म्हणजे रात्र, आणि दिवसभर उपास करून रात्री जेवायचं त्या व्रताला आपण म्हणतो नक्त. तिथे ‘जी-एच’च्या समोर ‘क्’ आहे. ‘एट’च्या समोर अष्टमधला ‘ष्’. इंग्रजांनी तो बोलणं सोडलं पण लिहिणं सोडलं नाही. आपण आठ म्हणताना दोन्ही सोडलं. म्हणून आज ‘एट’ आणि ‘आठ’ ऐकायला इतके जवळचे वाटतात.

हे मुके पाहुणे हाकलावेत असं अनेकांना वाटलं. नोआ वेब्स्टरनं अमेरिकेत ‘प्लाउ’चं, म्हणजे नांगराचं, स्पेलिंग ‘डब्ल्यू’नं संपवलं आणि ते टिकलं. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे सोपी स्पेलिंगं वापरायला सांगितली. ‘थ्रू’, ‘दो’ त्यांत होते. काँग्रेसनं त्याच वर्षी ते उलटवलं. शिकागो ट्रिब्यूननं १९३४पासून चार दशकं असे कापलेले शब्द छापले आणि १९७५ साली हात टेकले.

मराठीनं मात्र हे करून दाखवलं. आजीच्या पत्रांत ‘नांव’, ‘पांच’, ‘दांत’, ‘कांहीं’ असे टिंबांनी भरलेले शब्द असत. तो प्रत्येक ठिपका म्हणजे आपला ‘जी-एच’ होता. पञ्चमधला ञ्, दन्तमधला न्, नामातला म्, बोलण्यातून गेलेला आणि डोक्यावर बिंदी ठेवून गेलेला. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मुलांचं ओझं उतरलं, ते योग्यच झालं. मीही तसंच लिहिते. पण नदीतली नाव आणि माणसाचं नांव त्या एका ठिपक्यानं वेगळी दिसत, जशी इंग्रजीतली रात्र आणि तो घोडेस्वार आज एका मुक्या ‘के’नं वेगळे दिसतात. आजीचं पत्र उघडलं की मी ते ठिपके अजून मोजते. आणि ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपणाची जरा ही दोन वेगळ्या ‘ज’ची रूपं आपण आजही एकाच अक्षरानं लिहितो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला तेही घोकावंच लागतं.

तो जुना घशातला आवाज इंग्रजीच्या मुलखातून पुरता गेलेला नाही. स्कॉटलंडच्या बोलीत रात्रीला ‘निख़्त’ म्हणणारी माणसं आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या पश्चिमेला एक विशाल सरोवर आहे, सुमारे ३९० चौरस किलोमीटरचं, ब्रिटिश बेटांतलं सर्वांत मोठं. आयरिश नाव इंग्रजी अक्षरांत बसवताना लिहिणाऱ्यांनी सरोवराच्या ‘लॉख’साठी हीच ओ-यू-जी-एच चौकडी वापरली, आणि पुढच्या ‘नेय’ या नावाच्या शेवटीही ‘जी-एच’ लावले. काठावरचा माणूस ‘लॉख़ नेय’ म्हणतो. पहिल्या शब्दात ती दोन अक्षरं घशातून घासत बाहेर येतात, हजार वर्षांपूर्वी यायची तशी. दुसऱ्या शब्दात ती गप्प असतात.